बर्फावरची घोडागाडी हाकायला शिकायचे आहे; सुरुवात ग्वाल्हेरातच करावी का?

दौलतगंजकर (ग्वाल्हेर), १३ ऑक्टोबर

नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. ३३ वर्षे शाळेत शिकवून यंदा निवृत्त झाले. मुलगी कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या एका लहान गावात असते आणि जानेवारी-फेब्रुवारी असे दोन महिने मी तिच्याकडे राहणार आहे. तिच्या घराजवळ एका शेतावर घोडे पाळलेले आहेत. तिथे हिवाळ्यात नवख्या माणसांना स्लेज, म्हणजे बर्फावरची बिनचाकी घोडागाडी, हाकायला शिकवतात. मुलीने तिथे माझे नाव घातले आहे. मागच्या बाकावर पांघरूण घेऊन बसायचे आणि फेरी मारून यायचे, एवढे मला पुरणार नाही. लगाम माझ्या हातात हवा आहे.

ही इच्छा जुनी आहे. लहानपणी आम्ही मुली टांग्याने शाळेत जात असू. टांगेवाल्याच्या शेजारची जागा मिळावी म्हणून मी घरून पाच मिनिटे आधी निघत असे, कारण तिथून त्याचे हात दिसत. जयेंद्रगंजाच्या वळणावर तो जिभेने हलकीशी टिटकारी देई, त्याचे मनगट जेमतेम हललेले दिसे, आणि तेवढ्यावर घोडा वळे. चाबूक त्याच्या पायाशी पडलेला असे. एवढ्या मोठ्या जनावराला इतक्या थोडक्यात काय सांगितले जाते, हे मला तेव्हापासून समजून घ्यायचे आहे.

आमच्या भागात पूर्वी टांगा चालवणारे आणि आता वरातीसाठी बग्गी देणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे अजून एक जुना टांगा आहे आणि त्यांनी मला शिकवण्याची तयारी दाखवली आहे. टांग्यावर बसलेली सवय बर्फावर उपयोगी पडेल, की तिकडे गेल्यावर ती मोडावी लागेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त पशुवैद्य (मोरार), १३ ऑक्टोबर

ताई, जरूर शिका. मात्र पहिले काही दिवस टांग्यावर चढू नका.

लगामाची कडी घोड्याच्या तोंडात नेमकी कुठे बसते, हे आधी पाहून घ्या. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये घोड्याला दात नसलेली मोकळी हिरडी असते. कडी त्या हिरडीवर आणि जिभेवर टेकते. तिथे हाडावर मांस जवळजवळ नसते, नुसती पातळ त्वचा असते. आपण लगाम ओढतो तेव्हा ओढ त्या जागेवर बसते. नवख्या माणसाचा तोल गेला की तो आधारासाठी हातात असेल ते धरतो, आणि गाडीवर त्याच्या हातात लगामच असतो. म्हणजे त्याच्या अडखळण्याची किंमत घोड्याचे तोंड मोजते. माझ्या नोकरीच्या काळात तोंडाचे कोपरे फाटलेले, हिरडीवर जखम झालेले टांग्याचे घोडे माझ्याकडे पुष्कळ येत. त्यांतले अनेक घोडे नंतर ‘तोंडाचे कडक’ म्हणून विकले जात. त्यांचे तोंड कडक मुळात नव्हते. रोजच्या ओढीने ते बधिर झालेले असे.

म्हणून घरी एक सराव करा. दोन लांब नाडे घ्या. त्यांची एकेक बाजू घरातल्या कोणाच्या तरी दोन हातांत द्या आणि त्या व्यक्तीला डोळे मिटायला सांगा. तुम्ही दुसऱ्या टोकाशी बसून बोटे मिटा आणि उघडा. समोरच्याला कोणता हात केव्हा दाबला गेला, हे त्याने सांगायचे. नाडा सैल पडून पुन्हा ताणला गेला की झटका बसतो, तो त्याला लगेच कळेल. नाडा कधीच लोंबू नये आणि कधीच ताठ ओढला जाऊ नये, इतके साधले की टांग्यावर बसा.

डोळ्यांचेही सांगतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला भोवतालचे जवळजवळ ३५० अंश दिसते. फक्त नाकासमोर अगदी जवळचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. गाडीच्या घोड्याला आपण झापडे लावतो, तेव्हा मागचे सगळे त्याच्यापासून लपवतो. मागे चाके आहेत की बर्फावर घसरणारी गाडी आहे, हे तो केवळ कानांनी आणि अंगावर येणाऱ्या भाराने ओळखतो. त्यामुळे गाडी जोडलेली असताना त्याच्या डोक्यावरचा साज कधीही, एका क्षणासाठीसुद्धा, काढू नये. झापडे अचानक दूर झाली आणि आपल्या मागे काहीतरी लागले आहे असे त्याला दिसले, तर तो गाडीसकट पळत सुटतो.

सयाजीगंज (वडोदरा), १४ ऑक्टोबर

ताईंच्या इच्छेचा अनादर करायचा नाही, पण मला हा बेत खटकतो. वरातीचे घोडे रात्री उशिरापर्यंत बँड, फटाके आणि गर्दी यांत उभे असतात. सकाळी त्यांना विश्रांती हवी असते. त्याच घोड्यावर सकाळी शिकणाऱ्या माणसाचे हात चालणार असतील, तर दोन्हींचा भार त्या जनावरावर पडेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बंद करायला लावल्या, त्यामागे घोड्यांचे असेच हाल होते. तिकडे जाऊन शिकलेल्या घोड्यावर, शिकलेल्या गुरूकडून शिकावे, हे मला अधिक योग्य वाटते.

छत्रीबाग (इंदूर), १४ ऑक्टोबर

सयाजीगंज ताईंचा मुद्दा खरा आहे, पण त्यात एक तिथी विसरली गेली आहे. सध्या चातुर्मास चालू आहे. देवउठनी एकादशीपर्यंत आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त नसतात आणि त्या काळात बग्गीचे घोडे जवळजवळ रिकामे उभे असतात. आमच्या इंदूरच्या जुन्या घराला लागून बग्गीवाल्यांचा वाडा होता, तिथे मी लहानाचा मोठा झालो. पावसाळ्यापासून कार्तिकापर्यंत घोडा काही कमवत नाही, पण चंदी तर रोज लागते. त्यामुळे काही मालक चंदी कमी करत आणि घोडा तबेल्यातच बांधून ठेवत. बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात आणि मुहूर्त सुरू झाले की पहिल्याच वरातीत तो बिथरतो. या महिन्यात कोणी रोज सकाळी तासभर संथ चालवणारे आणि त्याचे पैसे देणारे मिळाले, तर ते घोड्याच्या हिताचेच आहे. तुळशीचे लग्न झाले की मात्र शिकणे थांबवावे.

निवृत्त पशुवैद्य, १४ ऑक्टोबर

छत्रीबाग यांच्याशी सहमत आहे. कायद्याचीही आठवण करून देतो. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांनुसार जनावराकडून दिवसाला एकूण ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांवर गेले तर दुपारी १२ ते ३ या वेळात त्याला जुंपता येत नाही. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारांहून जास्त माणसे बसवता येत नाहीत. ताईंना हे आकडे लागू पडण्याची वेळ येणार नाही, पण ज्याच्याकडे शिकायचे तो हे पाळतो का, हे विचारून घेण्याचा अधिकार त्यांना आहे. त्याने काणाडोळा केला, तर दुसरा माणूस पाहावा.

हिमवाट (ऑन्टारिओ), १६ ऑक्टोबर

दौलतगंजकर ताई, मी मूळची ग्वाल्हेरचीच. इथे सहा हिवाळे एका तबेल्यात शनिवार-रविवार काम करते, त्यांपैकी चार हिवाळे स्लेज हाकली आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘हो’ असे देता येते, पण कुठले चालेल आणि कुठले चालणार नाही, हे आधी माहीत असले तर तुमचे पहिले आठ दिवस वाचतील.

हात, आवाज आणि घोड्याच्या कानांकडे लक्ष, हे तिन्ही जसेच्या तसे चालते. घोडा बर्फावर असला तरी घोडाच असतो. गाडी मात्र सर्वस्वी वेगळी आहे.

टांगा दोन चाकांचा असल्यामुळे त्यात भाराचा तोल हा मोठा विषय असतो. माणसे पुढे बसली की गाडी धुरजड होते आणि घोड्याच्या पाठीवर ओझे येते. मागे बसली की ती उलाळ होते आणि दांड्या वर उचलल्या जाऊन पोटाखालचा तंग आवळतो. स्लेज लांब लोखंडी पट्ट्यांवर टेकलेली असते. त्यांना इथे रनर म्हणतात. सगळा भार रनरवर असतो आणि घोड्याच्या पाठीवर केवळ दांड्यांचे वजन येते. म्हणून टांग्यावर बसल्या बसल्या पुढे-मागे सरकून तोल सांभाळण्याची सवय तुम्हाला लागेल, ती इथे कामाची नाही. इथे तोल बाजूंना सांभाळायचा असतो. दोन रनर एकमेकांच्या बरेच जवळ असतात आणि चाकासारखे ते जागच्या जागी वळत नाहीत. अरुंद वळण घेतले, की बाहेरचा रनर बर्फाच्या काठात रुततो आणि गाडी कलंडते. टांगा जिथे वळतो त्याच्या तिप्पट जागा घेऊन वळायचे, असे मला माझ्या शिक्षिकेने सांगितले होते आणि मी अजूनही तेच पाळते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. साध्या स्लेजला ब्रेक नसतो. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने पुढे येते आणि तिला अडवतो तो घोडा. त्याच्या मांड्यांमागून एक रुंद पट्टा जातो, तो दांड्यांना बांधलेला असतो. घोडा त्या पट्ट्यावर बसल्यासारखा मागे रेलतो आणि गाडी धरून ठेवतो. हा पट्टा सैल असेल तर गाडी त्याच्या पायांवर आदळते, फार आवळलेला असेल तर त्याला पाऊल टाकता येत नाही. चाचांकडे शिकताना हा पट्टा बांधायला आणि त्यात किती जागा सोडायची ते हाताने मोजायला शिकून या. तेवढे येत असेल तर इथले लोक तुम्हाला नवखे समजणार नाहीत. जंगलातून ओंडके आणणाऱ्या जड गाड्यांसाठी इथे पूर्वी उतारावर रनरखाली साखळ्या गुंडाळत असत, कारण तेवढा भार घोड्यांना एकट्याने अडवता येत नसे.

तिसरी गोष्ट निघण्याची. गाडी थोडा वेळ उभी राहिली की रनर बर्फाला चिकटून गोठतात. अशा वेळी घोड्याला सरळ पुढे ओढायला लावले तर तो सगळे बळ लावतो, गाडी हलत नाही, आणि मग अचानक सुटली की तो घाबरतो. म्हणून आधी त्याला एका बाजूला अर्धे पाऊल वळवायचे, रनर कडेने सुटतात, आणि मग सरळ चालवायचे. हे टांग्यावर शिकता येणार नाही, कारण चाके गोठत नाहीत.

घुंगरांबद्दल सांगते. ती शोभेसाठी नसतात. बर्फावर टापांचा आणि गाडीचा आवाज जवळजवळ येत नाही, त्यामुळे समोरून येणाऱ्याला गाडी आल्याचे कळतच नाही. ऑन्टारिओच्या वाहतूक कायद्यात आजही असे लिहिले आहे, की रस्त्यावर घोड्याच्या स्लेजला किमान दोन घुंगरे किंवा घंटा हव्यात आणि त्यांचा आवाज पुरेसा सावध करणारा हवा.

छत्रीबाग, १६ ऑक्टोबर

हिमवाट ताई, फार उपयुक्त लिहिलेत. एक विचारतो. तिकडे लगाम एका हातात धरतात की दोन? आमच्याकडचे कोचमन डाव्या हातात दोन्ही लगाम आणि उजव्या हातात चाबूक धरत. माझे मत असे, की नवख्याने दोन हातांनीच धरावेत, कारण एका हातात दोन्ही लगाम असले की डावे-उजवे सारखे राहत नाही आणि घोडा एका बाजूला चालू लागतो.

हिमवाट, १७ ऑक्टोबर

दोन्ही पद्धती चालतात. डाव्या हाताची पद्धत युरोपात बेन्नो फॉन आखेनबाख या जर्मन गाडीवानाने शास्त्रशुद्ध बसवली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यात डावा लगाम तर्जनीवरून येतो आणि उजवा मधले बोट व अनामिका यांच्यामधून. मधली दोन बोटांची जागा वळवण्यासाठी असते; मनगट किंचित फिरवले की एक लगाम आखडतो आणि दुसरा तेवढाच सुटतो. उजवा हात चाबकासाठी आणि मदतीसाठी मोकळा राहतो. घोडागाडीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम घडवण्यात ब्रिटनचे राजपुत्र फिलिप यांचा मोठा वाटा होता. १९६४ ते १९८६ या काळात ते आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष होते. त्या स्पर्धांत एका हाताने हाकण्याची परीक्षासुद्धा असते. तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे, पण तो शिकवण्याच्या क्रमाचा दोष आहे, पद्धतीचा नव्हे. आमच्याकडे पहिला आठवडा दोन हात, मग एक.

दौलतगंजकर, ११ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. उद्या एकादशी, म्हणून आज शेवटचा धडा झाला. या चार आठवड्यांत जे घडले ते लिहिते.

पशुवैद्य काकांनी सांगितलेला नाड्यांचा सराव गच्चीवर केला. आमचे हे डोळे मिटून खुर्चीवर बसत आणि मी मागे बसून बोटे हलवी. पहिल्या दिवशी त्यांनी दहा मिनिटांत चौदा झटके मोजले. मला वाटत होते की माझे हात स्थिर आहेत, आणि समोरच्याला ते तसे मुळीच वाटत नव्हते, हे समजायला माझे मलाच जड गेले. आठव्या दिवशी झटके दोनवर आले. हे घरी नसत तेव्हा कपडे वाळत घालायच्या दोरीच्या कप्पीवरून दोन नाड्या सोडून त्यांना एकेक किलो तांदळाच्या पिशव्या बांधल्या आणि त्या जमिनीपासून सारख्या उंचीवर ठेवण्याचा सराव केला.

चाचांनी आधी मला घोडीला खरारा करायला लावला. पाच दिवस मी केवळ खरारा केला, खूर साफ केले आणि साज कसा चढतो ते पाहिले. सहाव्या दिवशी मेळा मैदानावर गेलो. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला, तेव्हा त्यात जनावरांचा बाजार मोठा होता. चाचांच्या वडिलांनीही मेळ्यातच घोडे घेतले होते, असे ते सांगत होते. मेळा भरायला अजून अवकाश असल्याने मैदान रिकामे होते. तिथे त्यांनी टांगा न जोडता, घोडीच्या मागे चार-पाच हातांवर उभे राहून, लांब लगामांनी तिला चालवायला लावले. एका बाजूला उभे राहायचे, थेट मागे नाही. आपण चालत असतो त्यामुळे घोडीच्या पावलांची लय आपल्याच पायांत येते, आणि हाताने काय सांगितले ते तिच्या पावलांत लगेच दिसते.

टांगा जोडला तो दहाव्या दिवशी. ज्या प्रश्नाचे उत्तर मला लहानपणापासून हवे होते ते त्या दिवशी मिळू लागले. वळवण्यासाठी मी उजवा लगाम ओढला. घोडीने मान उजवीकडे केली, पण शरीर सरळच नेले. चाचा म्हणाले, “बाई साहब, दायाँ माँगा, पर बायाँ छोड़ा ही नहीं। बेचारी जाए कहाँ?” उजवीकडे वळायला सांगायचे तर डावा लगाम तेवढाच सोडावा लागतो, नाहीतर तिचे तोंड दोन्हीकडून धरल्यासारखे होते. मी ओढणे शिकायला गेले होते, आणि चार आठवडे त्यांनी मला सोडणेच शिकवले. थांबवतानाही तसेच आहे. आधी आवाज, मग बोटे मिटायची, आणि तिने पाऊल आखडते घेतले की त्याच क्षणी बोटे उघडायची. ती थांबली तरी मी लगाम धरूनच ठेवला, तर आपण सांगितलेले ऐकून काही उपयोग होत नाही, असे ती शिकते.

मागचा पट्टा मी रोज स्वतः बांधला. हिमवाट ताईंनी सांगितले म्हणून चाचांना विचारले, तेव्हा ते खूश झाले. घोडी स्वस्थ उभी असताना पट्टा आणि मांडी यांच्यामध्ये उभा हात सहज सरकला पाहिजे, असे त्यांचे माप आहे.

एक चूक झाली, ती लिहिणे आवश्यक आहे. तिसऱ्या आठवड्यात धडा संपल्यावर मी ओढण्याच्या पट्ट्या आधी सोडल्या आणि मागचा पट्टा तसाच राहिला. त्याच वेळी घोडी दोन पावले पुढे गेली. टांगा ओढायला पट्ट्या उरल्या नव्हत्या, सगळी ओढ त्या मागच्या पट्ट्यावर आणि पाठीच्या साजावर आली आणि ती दचकली. चाचांनी तिला लगेच धरले म्हणून पुढे काही झाले नाही. जोडताना ओढण्याच्या पट्ट्या आधी आणि मागचा पट्टा नंतर. सोडताना मागचा पट्टा आधी आणि ओढण्याच्या पट्ट्या सर्वांत शेवटी. हा क्रम मी वहीत लिहिला होता आणि तरीही घाईत चुकले. त्यानंतर मी तो मोठ्याने म्हणत म्हणत साज सोडू लागले.

सयाजीगंज, ११ नोव्हेंबर

ताई, मी आधी जे लिहिले ते मागे घेत नाही, पण ज्या काळजीने तुम्ही शिकलात ते वाचून समाधान वाटले. खरारा आधी आणि लगाम नंतर, हा क्रम मला फार आवडला. धडा नसलेल्या दिवशी घोडीचे काय होत असे?

दौलतगंजकर, १२ नोव्हेंबर

चाचांचा नातू तिला संध्याकाळी हाताने धरून फिरवून आणतो. मुहूर्तांच्या दिवसांत मात्र तिची विश्रांती पुरेशी होते असे मला वाटत नाही. हे मी चाचांशी बोलले आहे. एका रात्रीत एकच वरात घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ते पाळले जाईल, अशी आशा मी धरून आहे.

निवृत्त पशुवैद्य, २ जानेवारी

ताई, आपण निघण्यापूर्वी थंडीबद्दल थोडे सांगतो. लोखंडी कडी उणे १५ अंशांत गारठते आणि तशीच तोंडात घातली तर ओलसर जिभेला चिकटते. ती आधी हातात किंवा कोटाच्या आत धरून कोमट करावी. काम झाल्यावर घोड्याला घाम आलेला असेल तर उभे न करता दहा मिनिटे चालवावे, अंग पुसावे आणि मग पांघरूण घालावे. श्रम झाल्यावर नाडी आणि श्वास पाहत जा. विश्रांतीत प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याच्या आतल्या कडेला बोट ठेवले की लागते. आणि थंडी आहे म्हणून घोडा कमी पाणी पितो, हे तिकडच्या लोकांनाही सतत पाहावे लागत असणार. गोठलेले किंवा बर्फासारखे गार पाणी पिणे तो टाळतो, आणि पाणी कमी पडून सुका चारा पोटात अडकला तर पोटशूळ होतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटाचा विकार त्याच्या जिवावर बेततो.

दौलतगंजकर (मुक्काम ऑन्टारिओ), ९ फेब्रुवारी

पाच आठवडे झाले. सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणी हा धागा वाचील त्याला उपयोग व्हावा.

शिक्षिकेने पहिल्या दिवशी मला काहीही न सांगता माझ्या हातात खरारा दिला. मग साज चढवायला सांगितला आणि बाजूला उभी राहून पाहत राहिली. मागचा पट्टा मी हात सरकवून मोजला, तेव्हा तिने मुलीकडे वळून विचारले की ही कुठे शिकली. मुलीने ग्वाल्हेर सांगितले. हे गाव कुठे आहे ते तिला नकाशावर दाखवावे लागले.

हिमवाट ताईंनी लिहिलेले प्रत्येक वाक्य खरे निघाले. गोठलेले रनर मोकळे करायला घोड्याला बाजूला वळवणे मला चौथ्या दिवशी जमले. त्यात हाताचे काम थोडे आणि थांबण्याचे अधिक आहे. रनर सुटल्याचा खर्रकन आवाज येईपर्यंत पुढे चल म्हणायचे नाही. इथे बसण्याचा नियमही पक्का आहे. लगाम हातात घेऊन हाकणारा आधी चढतो, बाकीचे नंतर. उतरताना बाकीचे आधी आणि हाकणारा शेवटी. आमच्या शाळेच्या टांग्यात आम्ही सगळ्या आधी चढत असू आणि टांगेवाला घोड्याच्या तोंडाशी उभा असे, म्हणून मला दोन-तीनदा आठवण करून द्यावी लागली.

ज्याची मला कल्पना नव्हती ती गोष्ट शांततेची. टांग्यावर चाकांचा खडखडाट, टापा आणि रस्ता यांवरून घोडीची चाल मला न पाहता कळत असे. इथे पाठीमागे काही आवाजच नाही. पहिले दोन दिवस मला वेगाचा अंदाज येईना आणि मी सारखी घोड्याच्या पायांकडे वाकून पाहत असे. मग शिक्षिकेने मला घुंगरांकडे लक्ष द्यायला सांगितले. दुडक्या चालीत घुंगरांचा ठेका दोन-दोनचा आणि सारखा पडतो. तो जरा जरी वाकडा पडला तरी घोडा एका पायावर भार कमी देत आहे किंवा थकला आहे, असे समजायचे. एकदा ठेका लंगडा वाटला म्हणून मी थांबवले. उतरून पाहिले तर मागच्या डाव्या खुरात बर्फाचा गोळा साचून नालेला घट्ट बसला होता. खुराच्या उबेने बर्फ वितळते आणि थंडगार नालेला लागून पुन्हा गोठते, म्हणून असे गोळे होतात. इथे नाल आणि खूर यांच्यामध्ये रबराची पट्टी घालतात, त्यामुळे गोळा सहसा धरत नाही. या पायाची पट्टी फाटली होती. चाचांकडे खूर साफ करण्याची सवय झाली होती, म्हणून मी शिक्षिकेची वाट न पाहता गोळा काढला.

कलंडण्याचा प्रसंगही आला. शेताच्या कोपऱ्यावर वळण मला वाटले तेवढे रुंद नव्हते, बाहेरचा रनर कडेच्या बर्फात शिरला आणि गाडी तिरपी झाली. हात आपोआप घट्ट होऊ लागले होते, आणि तेवढ्यात बायाँ छोड़ा ही नहीं हे चाचांचे बोलणे कानांत आले. मी आतल्या बाजूचा लगाम सोडत नेला, घोडा आत वळला नाही, सरळ पुढे गेला आणि गाडी आपणहून सपाट झाली. शिक्षिकेने मागाहून सांगितले की मी त्या क्षणी ओढले असते, तर घोडा वळला असता आणि आम्ही दोघी बर्फात पडलो असतो.

छत्रीबाग, १० फेब्रुवारी

वाचून अंगावर काटा आला. हातमोजे कोणते वापरता? जाड मोज्यांतून लगाम जाणवतो का?

दौलतगंजकर, १० फेब्रुवारी

जाड लोकरीच्या मोज्यांतून काहीच जाणवत नाही आणि ओले झाले की लगाम निसटतो. आतून पातळ लोकरीचे अस्तर असलेले चामड्याचे मोजे वापरते, ते नेहमीच्या मापापेक्षा एका मापाने मोठे घेतले, म्हणजे बोटे मिटता-उघडता येतात. वीस मिनिटांनी हात गारठतात, तेव्हा लगाम शिक्षिकेकडे देऊन काखेत हात धरते.

हिमवाट, ११ फेब्रुवारी

ताई, परत गेल्यावर सराव कसा चालू ठेवणार? मार्चमध्ये मुहूर्त असतील.

दौलतगंजकर, ११ फेब्रुवारी

मुहूर्त असतील आणि नंतर ग्वाल्हेरचा उन्हाळा, म्हणून जूनपर्यंत टांगा जोडायचा नाही असे ठरवले आहे. तोपर्यंत कप्पी आणि तांदळाच्या पिशव्या आहेत, आणि चाचांनी परवानगी दिली तर सकाळचा खरारा. आषाढी एकादशीनंतर घोडी मोकळी होईल. पावसाने मैदान ओले असेल तितके दिवस तिला लांब लगामांनी पायीच चालवीन.

निवृत्त पशुवैद्य, ११ फेब्रुवारी

पावसाळ्यात खूर मऊ पडतात. रोज कोरडे करून पाहत जा, आणि सुरुवात करण्याआधी एकदा मला घोडी दाखवा.